प्रदूषणाच्या निबंधात आपलं खळं का नसतं?



सहामाहीच्या पेपरात एक निबंध ठरलेला असतो. 'प्रदूषण : एक समस्या', नाहीतर त्याचाच सख्खा भाऊ 'पर्यावरणाचे संवर्धन'. पेपर उघडायच्या आधीच पहिलं वाक्य मी सांगू शकतो : 'आजच्या विज्ञानयुगात...' मग कारखान्यांची धुराडी, मुंबई-दिल्लीच्या गाड्या, ओझोनचा थर आणि शेवटी 'झाडे लावा, झाडे जगवा'. दहापैकी सात गुण. वर्षानुवर्षं आपणही तेच शिकवतो आणि तेच तपासतो.

आता गंमत बघा. साक्री तालुक्यातल्या आमच्या मुलांनी ओझोनचा थर पाहिलेला नाही. पेटलेलं धुराडंही बहुतेकांनी पाहिलेलं नाही, कारण तालुक्यातला साखर कारखाना बंद पडून कित्येक वर्षं झाली. पण दसऱ्यापासून मक्याची मळणी सुरू झाली की त्या लाल कोंड्याने वर्गातली बाकं भरतात. बाजरी निघते तेव्हा तिचं कूस अंगाला लागून पोरं दिवसभर खाजवत बसतात. आखाजीच्या आधी नांगरणी आणि रोटाव्हेटर सुरू झाला की गाव दुपारी दिसेनासं होतं. हे सगळं मुलांच्या नाकातोंडात आहे, पण निबंधात नाही.

काही वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलाने मात्र ते लिहिलं. निबंध तसा नेहमीचाच होता, पण मध्येच चार ओळी वेगळ्या आल्या होत्या. आमच्या घरी मळणी यंत्र आहे, मळणीच्या दिवसांत माझे वडील रात्री झोपत नाहीत, भिंतीला टेकून बसून राहतात, आणि मग थेट मलाच प्रश्न : धूळ हे पण प्रदूषण आहे का सर?

मी काय केलं? लाल पेनाने त्या ओळींखाली रेघ मारली आणि लिहिलं, 'विषयाला धरून लिहा.' अर्धा गुण कापला. आज सांगायला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही.

त्याच दिवाळीनंतर दुसरी चूक केली. शाळेच्या कुंपणाला लागून एक मोकळी जागा आहे, तिथे मळणी चालायची. खिडक्या बंद केल्या तर वर्गात अंधार, उघड्या ठेवल्या तर फळा दिसत नाही. दोन-तीन मुलांना दम्याचा त्रास, एकीच्या दप्तरात पंप कायमचा. मी रीतसर अर्ज लिहिला. एका कार्यालयातून माणूस आला, पंचनाम्यासारखं काहीतरी लिहून घेतलं, 'यंत्र ताबडतोब हलवा' असं बजावलं आणि गेला. कुठे हलवायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

यंत्र बंद झालं. ज्यांचा मका काढून पडलेला होता ते चार-पाच शेतकरी अडकले, त्यात अवकाळीचं वातावरण. आणि यंत्रवाल्यांचा मुलगा, तोच निबंधवाला, आठ दिवस शाळेत आला नाही.

शेवटी मीच त्यांच्या घरी गेलो. गावात त्या माणसाला सगळे अण्णा म्हणतात. ओट्यावर बसले होते, डोळे लाल, बोलताना मध्ये मध्ये श्वास घ्यायला थांबत होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "गुर्जी, तुमी कागद लिखा तं लिखा. पन सगळास्ना आगोदर धूय तं मीच खास ना!"

अहिराणीत धुळीला 'धूय' म्हणतात. धुळ्यालाही आम्ही 'धुये'च म्हणतो. म्हणजे जिल्ह्याचं नाव घेतलं तरी तोंडात धूळच येते, असा विनोद आपण पोरांना नेहमी सांगतो. त्या दिवशी मला तो विनोद काही आठवला नाही.

शिक्षक मित्रांनो, या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. शेतातली धूळ कमी करायची असेल तर शेतकऱ्याला आरोपी करून ती कमी होत नाही. सरकारी यंत्रणेने त्याच्याशेजारी बसून, त्याच्या डिझेलचा, त्याच्या ओलीचा, त्याच्या वेळेचा हिशेब मांडला तरच ती कमी होते. आणि आपल्याकडे तसं बसायला लागणारी जागा बहुतेक गावांत तयार आहे. ती म्हणजे शाळा.

आधी धुळीबद्दल थोडं, कारण हे आपल्याला वर्गात सांगावं लागणार आहे. डोळ्यांना दिसते ती सगळी धूळ फुप्फुसात जात नाही. मोठे कण नाकात अडतात, शिंकेबरोबर बाहेर पडतात. दहा मायक्रॉनपेक्षा लहान कण, ज्यांना 'पीएम १०' म्हणतात, ते आत उतरतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. अडीच मायक्रॉनच्या खालचे कण तर फुप्फुसाच्या अगदी टोकापर्यंत पोचतात. आपल्या देशात हवेतल्या पीएम १० ची चोवीस तासांची मर्यादा दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ४५ सुचवली. नांगर-रोटाव्हेटरमागे उडते ती बहुतेक जाड धूळ असते. काडीकचरा पेटवल्यावर मात्र बारीक कण निघतात. मळणीच्या धुळीत मातीबरोबर कोंडा, कूस, बुरशी असं सगळंच येतं, म्हणून ती छातीला जास्त झोंबते. आणि मूल त्याच्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेतं. म्हणजे एकाच धुळीत उभं राहून मूल जास्त धूळ खातं.

बरं, हे मोजतं कोण? राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रातल्या ज्या शहरांची नावं त्यात आली, त्यांत आपल्या खान्देशातलं जळगाव आहे. पण तो कार्यक्रमच मुळात शहरांचा. साक्री, पिंपळनेर, निजामपूर, दहिवेल यांची हवा त्यात बसतच नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाला शेत दिसत नाही आणि कृषी खात्याला हवा दिसत नाही. शेताच्या बांधावर या दोघांची गाठ पडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

एक गंमत सांगतो. आपल्या तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा मोठा सौर प्रकल्प आहे. तिथल्या पट्ट्यांवर धूळ बसली की वीज कमी तयार होते, म्हणून त्या धुवाव्या लागतात. म्हणजे धुळीने काचेचं किती नुकसान होतं याचा हिशेब आहे. मुलांच्या छातीचा हिशेब कुणाच्या वहीत नाही.

पण आता शेतकऱ्याच्या बाजूने बघू या. अण्णांना मी म्हणालो असतो, 'धुळीने आजार होतात, जपा,' तर ते म्हणाले असते, 'मग खाऊ काय?' आणि ते बरोबरच आहे. धुळीच्या नावाने शेतकरी एकही काम बदलणार नाही. पण तीच गोष्ट दुसऱ्या नावाने सांगा.

रोटाव्हेटरचंच घ्या. कोरड्या ठणठणीत रानात रोटाव्हेटर फिरवला की मातीचं पीठ होतं. तेच पीठ वाऱ्याबरोबर उडतं. शिवाय एकाच खोलीवर सारखा फिरवून खाली कडक थर बसतो आणि पावसाचं पाणी मुरत नाही. उलट गहू-हरभरा निघाल्याबरोबर, रानात थोडी ओल शिल्लक असतानाच नांगरलं, तर ढेकळं निघतात. ढेकूळ उडत नाही. ती ढेकळं उन्हात तापू द्यायची आणि वळवाच्या पावसाने फुटू द्यायची, जुनी माणसं हेच करायची. यात रोटाव्हेटरचा एखादा फेरा वाचतो. डिझेल वाचलं, असं म्हणा, शेतकरी लगेच कान देतो. धूळ कमी झाली हे त्याला आपोआप कळतं.

आणि उडून जातं ते काय असतं? जाड वाळू उडत नाही. बारीक, सुपीक, खताचा अंश धरून ठेवणारी मातीच आधी उडते. एक सेंटिमीटर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. आपण दुकानातून खताची गोणी आणतो आणि तिच्यातला वाटा वाऱ्याला देतो. हे गणित पोरांकडून मांडून घ्या, बाप ऐकतो.

कापसाच्या पऱ्हाट्यांचंही तसंच. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात कापूस खाल्ला, तेव्हापासून कृषी खातं सांगतंय : फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर कापूस संपवा, पऱ्हाट्या शेतात उभ्या ठेवू नका. पऱ्हाटीचा भुगा करणारी यंत्रं आली, त्यांना अनुदानही मिळतं. शेतकऱ्याने ते केलं ते बोंडअळीच्या भीतीने. पण ज्या शिवारात पऱ्हाटी पेटवायच्या ऐवजी तिचा भुगा रानात गेला, तिथे धूरही झाला नाही आणि जमीनही झाकली गेली. मुंबईची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था तर याच पऱ्हाटीपासून फळ्या आणि जळणाच्या कांड्या कशा करायच्या, यावर वर्षानुवर्षं काम करते आहे. हवेचं नाव न घेता हवेचं काम झालं, त्याचं हे आपल्या रोजच्या बघण्यातलं उदाहरण.

दंडाचा रस्ता किती लांब जातो तेही बघा. पंजाब-हरियाणात पराळी जाळण्यावर दंड आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो दुप्पट केला : दोन एकरांच्या आत पाच हजार, दोन ते पाच एकरांना दहा हजार, त्याच्या वर तीस हजार. तरी दरवर्षी दिवाळी आली की तीच बातमी. दोन पिकांच्या मध्ये ज्याच्या हातात जेमतेम पंधरा-वीस दिवस आहेत, त्याला यंत्र वेळेवर मिळालं तरच तो काडी लावायचं सोडेल. दंडाची पावती ही काही त्याच्या अडचणीची सोय नव्हे.

आता थोडं लांब जाऊ, कारण हा प्रश्न जगात आधी कुणीतरी भोगलेला आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकात मधल्या मैदानी प्रदेशात शेतकऱ्यांनी कुरणं मोडून गव्हासाठी नांगरली होती. मग दुष्काळ पडला, वारा सुटला आणि माती उठली. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी तर भर दुपारी काळोख झाला, त्या दिवसाला ते लोक अजून 'काळा रविवार' म्हणतात. धुळीच्या न्यूमोनियाने माणसं गेली, घरंदारं सोडून लाखो लोक निघून गेले. ह्यू बेनेट नावाचा मृदशास्त्रज्ञ तिथल्या संसदेला कित्येक वर्षं सांगत होता. सांगतात की त्या वसंतात तो समितीपुढे बोलत असतानाच मैदानातली धूळ राजधानीच्या खिडक्यांपर्यंत येऊन ठेपली. २७ एप्रिल १९३५ रोजी मृदसंधारणाचा कायदा झाला.

कायद्यापेक्षा मला त्यानंतरची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. १९३७ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सगळ्या राज्यांना पत्र लिहून नमुना कायदा पाठवला. त्यातून मृदसंधारणाचे 'जिल्हे' तयार झाले, म्हणजे शेतकऱ्यांनीच चालवायची स्थानिक मंडळं. सरकारने तज्ज्ञ द्यायचा, शेतकऱ्यांच्या मंडळाने ठरवायचं की आपल्या शिवारात काय चालेल. पहिला असा जिल्हा बेनेटच्याच गावाकडे, नॉर्थ कॅरोलायनात झाला. आज अशी सुमारे तीन हजार मंडळं आहेत. त्याच काळात वारा अडवायला म्हणून सुमारे २२ कोटी झाडांचे पट्टे लावले गेले, तेही शेतकऱ्यांच्या रानात, त्यांच्या संमतीने.

अलीकडचं उदाहरण कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकिन खोऱ्याचं. बदाम, द्राक्ष, कापूस आणि आपल्यासारखाच कोरडा उन्हाळा. तिथल्या हवा नियंत्रण मंडळाने २००४ मध्ये नियम केला की प्रत्येक मोठ्या शेताने धूळ कमी करण्याचा आराखडा द्यायचा. पण आराखडा मंडळाने लिहून दिला नाही. कामांचे गट पाडले : जमिनीची मशागत, काढणी, कच्चे रस्ते, यंत्रं उभी करायची जागा वगैरे. प्रत्येक गटात उपायांची यादी दिली आणि सांगितलं, यातला तुम्हाला परवडेल तो निवडा. कुणी नांगराचे फेरे कमी केले, कुणी शेतरस्त्यावर पाणी मारलं, कुणी ट्रॅक्टरचा वेग उतरवला. शेतीखात्याने तांत्रिक मदत आणि पैसा दिला. नियम होता, पण निवड शेतकऱ्याची होती. पीएम १० च्या बाबतीत ते खोरं पुढे मर्यादेत आलं, २००८ मध्ये तशी अधिकृत नोंद झाली.

हे वाचून मला आधी वाटलं, झालं, हेच इकडे आणायचं. मग एक आकडा आडवा आला. तो नियम शंभर एकर आणि त्याहून मोठ्या शेतांना होता. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे आपल्या महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी १.३४ हेक्टर जमीन आहे. सव्वातीन-साडेतीन एकर. शंभर एकराची अट इकडे लावली तर अख्ख्या गावात एकही शेत सापडायचं नाही. आणि साडेतीन एकरवाल्या प्रत्येकाकडून वेगळा आराखडा मागितला तर कृषी सहायकाचं अख्खं आयुष्य कागद गोळा करण्यात जाईल. तेव्हा आपल्याला एकेका शेतकऱ्याशी बोलून भागणार नाही, शिवाराशी बोलावं लागेल.

शिवाराने एकत्र ठरवणं ही गोष्ट पांझरेच्या काठच्या माणसाला अमेरिकेतून शिकायची गरज नाही. आपली फड बागायत आठवा. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर बंधारे घालून तीन-चारशे वर्षं आपल्या लोकांनी ही पद्धत चालवली. बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली, एका फडात एका वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी फेरपालट. पाणी सोडायला पाटकरी, त्याच्यावर देखरेखीला हवालदार, पिकं राखायला जागल्या, आणि त्यांचा मेहनताना शेतकऱ्यांनीच द्यायचा. कुणाच्या शेताला आधी पाणी, याची भांडणं होत असतीलच, माणसंच ती. पण निर्णय फडाचा असायचा. नंतर वरती धरणं झाली, विहिरी-बोअर वाढल्या आणि फड मोडत गेले. आपल्या पाचवी-सहावीच्या मुलांना तर 'फड' म्हटलं की तमाशाच आठवतो. त्यांचा दोष नाही, आपणच सांगितलेलं नाही.

बारीपाडा तर आपल्याच तालुक्यातलं. चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी परिपाठात बातमी वाचून दाखवली असेल. तिथलं जंगल परत आलं ते वनरक्षक वाढले म्हणून नव्हे. गावाने बसून नियम केले, तोडणाऱ्याला गावाने दंड लावला आणि मग वनखात्याने त्या गावाबरोबर काम केलं. दंड तिथेही होता, हे विसरू नका. फरक एवढाच की तो गावाने स्वतःला लावून घेतलेला होता.

मशागत कमी करण्याचे प्रयोगही आपल्या राज्यात झालेले आहेत. नेरळच्या सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी कायमचे गादीवाफे ठेवून, नांगरट न करता, जुन्या पिकाची मुळं जमिनीतच ठेवून शेती करायचं तंत्र बसवलं. पुढे ते मका, कापूस, सोयाबीनपर्यंत गेलं. जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही त्याचा प्रसार झाला. त्यात तणनाशक वापरावं लागतं, ते मला स्वतःला खटकतं आणि शेतकरी मित्रांनाही मी तसं सांगतो. पण न नांगरलेल्या, मुळांनी बांधलेल्या रानातून धूळ उडत नाही, हे खरंच आहे. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत, आपल्या पावसावर ते कितपत बसेल, याची परीक्षा धुळ्याच्या कृषी महाविद्यालयाने आणि कृषी विज्ञान केंद्राने शेतकऱ्याच्याच दोन-चार सऱ्यांवर करून दाखवावी, असं मला मनापासून वाटतं. केंद्राच्या फार्मवरचं पीक बघून शेतकरी मान डोलावतो. शेजाऱ्याच्या बांधावरचं बघून मात्र तो वळतो.

आता परत आमच्या गावात. अण्णांच्या ओट्यावरून उठताना मी विचारलं, "मग यंत्र कुठे लावलं तर चालेल?" हा प्रश्न अर्ज लिहायच्या आधी विचारायचा होता. ते म्हणाले, जागा आहे, पण तिथे ट्रॅक्टर रुततो.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर वर्गातच बैठक घेतली. अण्णा, मका असलेले सात-आठ शेतकरी, सरपंच आणि आमच्या गावचे कृषी सहायक. पोरांच्या बाकांवर गुडघे वर करून बसलेली ती मोठी माणसं अजून डोळ्यांसमोर आहेत. मी भाषण केलं नाही. मुलांनी केलेले चार पुठ्ठे फक्त टेबलावर ठेवले.

हे पुठ्ठे तुम्हीही करून बघा, खर्च काहीच नाही. पांढऱ्या पुठ्ठ्याला व्हॅसलीनचा पातळ थर लावायचा आणि एक दिवस टांगून ठेवायचा. आम्ही एक वर्गाच्या खिडकीत, एक महामार्गाच्या कडेला, एक शेताच्या बांधावर आणि एक मळणीच्या जागेजवळ टांगला होता. यात मोठी, खाली बसणारी धूळच कळते, फुप्फुसात जाणारे बारीक कण कळत नाहीत, हे मुलांना आधी सांगा. नाहीतर आपणच एक नवं चुकीचं शास्त्र शिकवू. महामार्गाचा पुठ्ठा काळपट आला होता. मळणीचा तांबूस आणि इतका जाड, की पांढरा पुठ्ठा होता हे सांगावं लागलं. शेतकऱ्यांनी ते चारही हातात घेऊन पाहिले. एक आजोबा खिडकीतल्या पुठ्ठ्याकडे बघत म्हणाले, "आठे मना नातू बसस ना?" आणि गप्प झाले.

ठरलं ते असं. भाऊबीजेनंतर आमच्याकडे वारा उगवतीकडून येतो, म्हणून यंत्र गावाच्या मावळतीला लावायचं. तिथे मुरूम टाकायचं काम पंचायतीने अंगावर घेतलं. ट्रॉलीचा फेरा लांबतो त्याचं डिझेल कुणी द्यायचं यावर तासभर वाद झाला, अखेर निम्मं अण्णांनी आणि निम्मं मालवाल्याने, असं ठरलं. यंत्राच्या तोंडाला शेडनेटचा बोगदा करायची कल्पना अण्णांचीच. जाड कोंडा त्यात अडतो, बारीक धूळ जातेच, पण अडलेला कोंडा गुरांखाली टाकायला होतो. कृषी सहायकांनी अवजारे बँकेची आणि पऱ्हाटीच्या यंत्राच्या अनुदानाची माहिती दिली, दोघांचे अर्ज तिथेच मोबाइलवर भरून दिले. रोजगार हमीतून बांधावर झाडं लावता येतात हेही सांगितलं, त्यावर मात्र फारसं कुणी बोललं नाही. झाडाची सावली पिकावर पडते, ही शेतकऱ्याची जुनी तक्रार आहे आणि ती खोटी नाही. उंचीच्या दहापट अंतरापर्यंत झाडांची ओळ वारा मंदावते, हे मी सांगितलं. ऐकून घेतलं सगळ्यांनी, एवढंच.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. पहिल्याच हंगामात पाऊस येणार म्हणून एकाने रातोरात जुन्याच जागेवर मका काढला. दुसऱ्या वर्षी शेडनेट फाटलं ते महिनाभर तसंच. संध्याकाळी काडीकचरा पेटवणं अजून चालूच आहे. थंडीत संध्याकाळची हवा खालीच बसून राहते आणि धूर गावावर तरंगतो, हे समजूनही लोक त्याच वेळी पेटवतात, कारण दिवसा कामातून सवड नसते. पण मळणीच्या दिवसांत आमच्या वर्गाच्या खिडक्या आता उघड्या असतात. पंपवाली मुलगी नियमित शाळेत आली. अण्णा तोंडाला ओला रुमाल बांधतात. ते पुरेसं नाही, चांगला मास्क लागतो, त्यावर आमचं भांडण चालू आहे.

पालकहो, तुमच्यापैकी बरेच जण शेतकरीच आहात. रविवारी पोराला वावरात जरूर न्या, काम शिकू द्या. फक्त मळणी यंत्राच्या तोंडाशी उभं करू नका, आणि रात्री कुणी भिंतीला टेकून बसत असेल तर ते 'मळणीचं नेहमीचंच' समजून सोडून देऊ नका, दवाखान्यात दाखवा. शिक्षक मित्रांनो, आठवीच्या विज्ञानातला प्रदूषणाचा पाठ मळणीच्या दिवसांत घ्या, पुढे-मागे झाला तरी चालेल. आणि निबंधाचा विषय थोडा बदलून द्या : 'आमच्या शिवारातील धूळ'. 'आजच्या विज्ञानयुगात' ने सुरुवात करताच येणार नाही असा विषय द्या.

तो आठवीतला मुलगा आता धुळ्याला आयटीआयला आहे. त्या निबंधाचा कापलेला अर्धा गुण मी वाढवून देऊ शकलो नाही, निकाल लागून गेला होता. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर उशिरा का होईना, फळ्यावर सगळ्या वर्गासमोर लिहिलं : हो, आहे.

यंदा मका निघायच्या आधीच, गणपती उठले की, आम्ही बैठक ठेवणार आहोत. या वेळी शेजारच्या दोन गावांचे यंत्रवालेही येणार आहेत. तुमच्याकडे कृषी सहायक कोणत्या वारी येतात ते विचारून ठेवा, आणि बैठकीला मळणी यंत्राच्या मालकाला सगळ्यांत आधी बोलवा.